हार्मोन थेरपीचे दुष्परिणाम: औषध सोडण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

पाळी कायमची थांबण्याआधीच्या वर्षांत, म्हणजे पेरिमेनोपॉजमध्ये, अंगातून गरम वाफा येणं, झोपमोड अशा त्रासांसाठी हार्मोन थेरपी, म्हणजे बाहेरून हार्मोन देण्याचा उपचार, सुरू होते. दोन-तीन आठवड्यांत स्तन हुळहुळायला लागतात, पोट फुगतं, मधेच डाग दिसतात, उगाच रडू येतं. मग तीनपैकी एक गोष्ट घडते. कुणी सगळंच बंद करतं. कुणी त्रास कुठल्या गोळीचा ते स्वतःच ठरवून तेवढीच वगळतं. कुणी डोस बदलून घेतं, आठ दिवसांनी पुन्हा बदलून घेतं, आणि दोन महिन्यांनी कशामुळे काय झालं हे ना तिला सांगता येत, ना डॉक्टरांना.

यातली दुसरी चूक सगळ्यात घातक आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच. पण तिन्हींचं मूळ एकच आहे. पेरिमेनोपॉजमध्ये अंडाशयांचं काम अजून थांबलेलं नसतं. एखाद्या महिन्यात ती भरपूर इस्ट्रोजेन (मुख्य स्त्री-हार्मोन) तयार करतात, एखाद्या महिन्यात अगदी थोडं. बाहेरून दिलेलं हार्मोन या चढउतारावर येऊन पडतं. त्यामुळे आजचा त्रास औषधाचा, आपल्याच शरीराचा, की दोन्हींच्या बेरजेचा, हे अंदाजाने कळत नाही. ते तारखेसह केलेल्या नोंदींवरून कळतं. म्हणून क्रम असा: आधी धोका नाही याची खात्री, मग नोंद, मग वापरण्याची पद्धत सुधारणं, आणि सगळ्यात शेवटी डोस किंवा औषध बदलणं.

औषध घ्यावं की नाही, हे ठरवण्यासाठी हा लेख नाही. ते डॉक्टरांबरोबर ठरलं आहे असं धरून पुढचं लिहिलं आहे.

सगळ्यात आधी: ही लक्षणं असतील तर पुढे वाचत बसू नका

खालीलपैकी काही झालं तर पुढची गोळी घेऊ नका, पॅच असेल तर काढून ठेवा आणि लगेच तातडीच्या उपचारांसाठी जा:

- एकाच पायाची पोटरी दुखणं, सुजणं, गरम लागणं किंवा लाल होणं
- अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त पडणं
- चेहऱ्याची, हाताची किंवा पायाची एक बाजू लुळी पडणं, बोलणं अडखळणं
- आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक, असह्य डोकेदुखी, किंवा दृष्टी जाणं
- डोळे किंवा त्वचा पिवळी पडणं
- तासातासाला पॅड पूर्ण भिजेल असा रक्तस्राव

जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर तेही याच यादीत धरा. "हार्मोनमुळे असं होतंच" म्हणून ते अंगावर काढू नका. घरच्या कुणाला तरी लगेच सांगा आणि त्याच दिवशी मदत घ्या.

स्तनात नवीन गाठ लागली, स्तनाग्रातून रक्त आलं, किंवा डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा पहिल्यांदाच दिसल्या, तर धावपळ नको. पण पुढच्या तपासणीची वाटही पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

टप्पा १: सुरू करण्याआधीची तयारी

औषध आधीच सुरू झालं असेल तरी हा टप्पा वगळू नका. पुष्कळसे दुष्परिणाम इथे राहून गेलेल्या गोष्टींमुळे होतात.

डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा एक कागद हातात द्या. पाय किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली होती का, आई-बहिणींपैकी कुणाला झाली होती का, स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा आजार, पित्ताशयातले खडे, अर्धशिशी, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं आवरण गर्भाशयाबाहेर वाढणं), उच्च रक्तदाब: यातलं जे असेल ते लिहा. पित्तखडे, अर्धशिशी किंवा गुठळीचा धोका असेल तर तोंडाने घेण्याच्या इस्ट्रोजेनऐवजी पॅच किंवा जेल पुष्कळदा बरं पडतं, कारण त्वचेतून जाणारं हार्मोन आधी यकृतातून जात नाही.

चालू औषधांची यादी त्याच कागदावर. तीन गोष्टी विशेष सांगा, कारण त्यांचा उल्लेख हमखास राहून जातो. थायरॉइडची गोळी चालू असताना इस्ट्रोजेनची गोळी सुरू झाली, तर थायरॉइडचा डोस अपुरा पडू शकतो. साधारण ६ ते १२ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा तपासायला सांगा. नाहीतर थकवा आणि सुस्ती हार्मोन थेरपीच्या नावावर जमा होते. फिट्ससाठी लॅमोट्रिजिन चालू असेल तर इस्ट्रोजेनमुळे तिची रक्तातली पातळी घसरू शकते. आणि कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, रिफॅम्पिसिन किंवा सेंट जॉन्स वर्ट हे वनस्पतिजन्य औषध चालू असेल तर हार्मोनचाच परिणाम कमी होतो.

अॅलर्जी असेल तर तीही. प्रोजेस्टेरॉनच्या (इस्ट्रोजेनबरोबर दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या हार्मोनच्या) काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, काहींत सोया लेसिथिन. पाकिटातल्या पत्रकावर ते छापलेलं असतं.

सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. त्या काळात अनियमित किंवा फार जास्त रक्तस्राव होत असेल तर त्याचं कारण आधी शोधायला हवं. कारण न कळता थेरपी सुरू झाली की पुढचा प्रत्येक डाग औषधाच्या खात्यात जातो आणि मूळ आजार झाकला जातो.

इशारा: हार्मोन थेरपी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पाळी लांबत असली तरी या वयात गर्भ राहू शकतो. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर त्यानंतर २ वर्षं आणि पन्नाशीनंतर आली असेल तर १ वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायचं, असा साधारण नियम आहे. थेरपीवर असताना मळमळ, स्तन दुखणं आणि पाळी चुकणं एकत्र आलं तर आधी गर्भधारणेची चाचणी करा.

टप्पा २: आपण नेमकं काय घेतो आहोत, हे लिहून काढा

"हार्मोनची गोळी चालू आहे" एवढ्यावर दुष्परिणाम सुटत नाही. बहुतेक उपचारांत दोन वेगळी औषधं असतात, कधी वेगवेगळ्या पाकिटांत, कधी एकाच गोळीत.

पहिलं इस्ट्रोजेन. वाफा येणं, घाम, झोपमोड, सांधे दुखणं यांवर काम करतं ते हे. ते गोळी, पॅच, जेल किंवा स्प्रे अशा रूपात मिळतं. डोस लिहून ठेवा: गोळी असेल तर १ की २ मिलिग्रॅम, पॅच असेल तर २५, ५०, ७५ की १०० मायक्रोग्रॅम, जेल असेल तर किती पंप.

दुसरं प्रोजेस्टोजेन. गर्भाशयाचं अस्तर जाड होत जाऊ नये म्हणून ते देतात. पिशवी शाबूत असेल तर ते लागतंच. ते मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन असेल, डायड्रोजेस्टेरॉन असेल, नॉरएथिस्टेरॉन असेल, किंवा गर्भाशयात बसवलेली, कॉपर-टीसारखी पण तांब्याऐवजी लेव्होनॉरजेस्ट्रेल हार्मोन असलेली टी असेल.

मग घेण्याची रीत. पेरिमेनोपॉजमध्ये साधारणपणे इस्ट्रोजेन रोज आणि प्रोजेस्टोजेन महिन्यातले १२ ते १४ दिवस देतात. याला चक्रीय पद्धत म्हणू. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन असेल तर त्या दिवसांत बहुधा २०० मिलिग्रॅम रात्री. दोन्ही रोज घेण्याची सलग पद्धत मुख्यतः पाळी जाऊन वर्ष उलटलेल्यांसाठी असते, त्यात प्रोजेस्टेरॉन बहुधा १०० मिलिग्रॅम असतं. अंडाशयं चालू असताना सलग पद्धत सुरू केली तर मधेमधे डाग लागत राहण्याची शक्यता जास्त. आपल्याला कोणती पद्धत दिली आहे आणि ती का, हे एकदा स्पष्ट विचारा.

तपासा: इस्ट्रोजेन कुठलं, किती, कोणत्या रूपात, प्रोजेस्टोजेन कुठलं, किती, कोणत्या तारखांना. ही उत्तरं न अडखळता देता येत नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. औषधं समोर ठेवा आणि लिहा.

इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: मूड बिघडतो किंवा गुंगी येते म्हणून प्रोजेस्टोजेन बंद करून इस्ट्रोजेन चालू ठेवणं, असं कधीही करू नका. पिशवी असताना एकटं इस्ट्रोजेन घेत राहिल्यास अस्तर वाढत जातं आणि त्याचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. हे होताना काहीच जाणवत नाही. उलट त्या बाईला बरंच वाटत असतं, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने चालते. प्रोजेस्टोजेन सोसत नसेल तर ते बदलता येतं. त्याचे मार्ग पुढे दिले आहेत. (योनीमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेन क्रीमला किंवा गोळीला हा नियम लागू नाही, तेवढ्यासाठी वेगळं प्रोजेस्टोजेन लागत नाही.)

टप्पा ३: नोंदवही

हा टप्पा बहुतेक जणी सोडतात, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच सुरू होतो. "गेल्या महिन्यात फार त्रास झाला" या वाक्यावरून कुठलाही डॉक्टर नेमका बदल करू शकत नाही. तो डोस कमी करेल किंवा "थोडं थांबा" म्हणेल. दोन्ही अंदाजच.

शक्य असेल तर औषध सुरू करण्याआधीच्या महिनाभरापासून नोंद ठेवा. स्तन दुखणं, चिडचिड, डोकेदुखी, पोट फुगणं हे पेरिमेनोपॉजचेही त्रास आहेत. ते आधीपासून किती होते हे माहीत नसेल तर नंतर वाढले की घटले हे ठरणार कसं?

रोज एकच ओळ लिहा. जास्त लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी बंद पडेल. आपल्याला सर्वात छळणारी तीन लक्षणं निवडा आणि त्यांना ० ते ३ गुण द्या: ० म्हणजे नाही, ३ म्हणजे कामधाम सुचत नाही. रक्तस्रावासाठी वेगळी खूण: डाग, साधा, जास्त. ओळ अशी दिसेल:

तारीख ९ | पॅच बदलला | प्रोजेस्टेरॉन नाही | वाफा १, स्तन २, चिडचिड ० | रक्तस्राव नाही
तारीख १७ | प्रोजेस्टेरॉनचा तिसरा दिवस | वाफा ०, स्तन १, चिडचिड ३ | डाग

विसरलेली गोळी, उशिरा बदललेला पॅच, जुलाब-उलट्या, नवीन औषध, जागरण, दारू हेही त्याच ओळीत. विसरलेल्या डोसची नोंद करायला संकोच वाटतो, पण मधेच लागलेल्या डागांचं उत्तर पुष्कळदा तिथेच सापडतं.

तपासा: किमान दोन पूर्ण चक्रं नोंदली आहेत का? नसतील आणि वरच्या यादीतलं धोक्याचं लक्षण नसेल, तर डोस बदलण्याची घाई नको. पण त्रास सोसण्यापलीकडचा असेल तर दोन चक्रं पुरी करण्याचा हट्टही धरू नका, आहे त्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा.

टप्पा ४: औषध बरोबर वापरलं जातंय का?

डोस बदलण्याआधी हे पाहायचं. इथे चूक सापडली तर महिनाभर बरोबर वापरून पुन्हा नोंदी पाहा.

*पॅच.* कमरेखाली लावा: नितंब, खुबा, ओटीपोट. स्तनावर किंवा स्तनाजवळ कधीच नाही. त्वचा धुतलेली, पूर्ण कोरडी, तेल-क्रीम-पावडर नसलेली हवी. लावल्यावर तळहाताने १० सेकंद दाबून धरा. दर वेळी जागा बदला. खाज आणि लाली सतत एकाच जागी लावल्याने वाढते. पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचा की एकदा, हे प्रकारावर ठरतं, पाकिटावर पाहा. मधेच पडला तर नवीन लावा, पण बदलायचा वार आधीचाच ठेवा. गरम पाण्याची पिशवी किंवा हीटिंग पॅड पॅचवर ठेवू नका. चिकटलेला गोंद तेलाने निघतो, खरवडू नका.

*जेल.* पातळ थर पसरायचा, चोळून जिरवायचं नाही. सुकेपर्यंत ५ मिनिटं थांबा, हात धुवा, आणि निदान तासभर त्या जागेवर पाणी, सनस्क्रीन, मॉइश्चरायझर किंवा दुसऱ्या कुणाची त्वचा लागू देऊ नका. पत्रकात जास्त वेळ सांगितला असेल तर तो पाळा. लहान मुलांना आणि पाळीव प्राण्यांना त्या जागेचा स्पर्श होणं विशेष टाळा, हार्मोन त्यांच्या अंगात जाऊ शकतं.

*इस्ट्रोजेनची गोळी.* रोज ठरलेल्या वेळी. मळमळ होत असेल तर जेवणाबरोबर किंवा रात्री.

*प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल.* रात्री, झोपायच्या वेळी आणि शक्यतो रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणानंतर साधारण दोन तासांनी. अन्नाबरोबर घेतली तर ती रक्तात जास्त प्रमाणात उतरते, गुंगी आणि गरगर वाढते. सकाळी ही कॅप्सूल घेऊन गाडी चालवणं धोक्याचं आहे. त्या रात्री दारू टाळा.

टप्पा ५: नोंदींवरून दोषी कोण ते ओळखा

आता दोन चक्रांच्या नोंदी समोर ठेवा आणि प्रोजेस्टोजेनच्या दिवसांभोवती पेनाने चौकट काढा. चार चित्रं दिसू शकतात.

त्रास चौकटीतच वाढतो आणि ती संपल्यावर दोन-चार दिवसांत ओसरतो. मग संशय प्रोजेस्टोजेनवर. चिडचिड, उदासी, रडू येणं, दिवसा गुंगी, पोट फुगणं, पुळ्या हे त्याचे नेहमीचे त्रास.

त्रास महिनाभर जवळजवळ सारखा आहे आणि इस्ट्रोजेन सुरू केल्यापासून किंवा वाढवल्यापासून आहे. मग संशय इस्ट्रोजेनच्या मात्रेवर किंवा रूपावर. स्तन हुळहुळणं, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे येणं, अंगावर सूज वाटणं.

पॅच बदलायच्या आदल्या दिवशी वाफा, घाम किंवा डोकेदुखी परततात. इथे दुष्परिणाम नाही, औषध कमी पडतंय. याची गल्लत फार होते: डोकेदुखी दिसली की डोस कमी केला जातो, आणि डोकेदुखी वाढते.

चौथं चित्र: औषधाच्या तारखांशी कशाचाच मेळ बसत नाही. एखाद्या महिन्यात आठवडाभर स्तन दगडासारखे, पुढच्या महिन्यात काहीच नाही. हे बहुधा तुमच्या स्वतःच्या अंडाशयांचं काम. अशा आठवड्यात डोस कमी केलात तर पुढच्या आठवड्यात अंडाशय थंडावल्यावर वाफांनी हैराण व्हाल.

"रक्त तपासून हार्मोन पाहू या" असा विचार इथे मनात येतो. पेरिमेनोपॉजमध्ये एका दिवसाची तपासणी फक्त त्या दिवसाचं सांगते, आठवड्यानंतर आकडा वेगळाच येऊ शकतो. पॅच किंवा जेलचा मोठा डोस असूनही काहीच फरक नसेल तर ते त्वचेतून आत जातंय का हे पाहायला डॉक्टर तपासणी सांगतील. एरवी नोंदवही जास्त कामाची.

टप्पा ६: लक्षणानुसार काय करायचं

बरेचसे त्रास ६ ते १२ आठवड्यांत आपोआप मावळतात. तोवर सोसता यावं म्हणून काही गोष्टी स्वतः करता येतात, काही डॉक्टरांकडून बदलून घ्याव्या लागतात.

*स्तन हुळहुळणं.* नीट मापाची, आधार देणारी ब्रा, गरज असेल तर रात्रीही. वेदनाशामक जेल किंवा साधी वेदनाशामक गोळी चालेल का, हे विचारून घ्या. तीन महिन्यांनंतरही महिनाभर दुखत असेल तर इस्ट्रोजेन एक पायरी खाली आणण्याबद्दल विचारा. दुखणं फक्त एकाच जागी आणि एकाच स्तनात असेल तर ते दुष्परिणामांत धरू नका, दाखवा.

*मळमळ.* वेळ बदला, अन्नाबरोबर घ्या. तरी राहिली तर गोळीऐवजी पॅच किंवा जेल.

*डोकेदुखी आणि अर्धशिशी.* अर्धशिशीला हार्मोनची पातळी वरखाली होणं आवडत नाही. रोज गोळीने होणाऱ्या चढउतारापेक्षा पॅचने पातळी बरीच स्थिर राहते, आणि सुरुवात कमी डोसने करून हळू वाढवली तर सोसते.

*पायात गोळे.* झोपण्याआधी पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम, दिवसा हालचाल. दोन्ही पायांत रात्री येऊन जाणारा गोळा वेगळा. एकाच पायात ठाण मांडून बसलेली, सुजेसह असलेली वेदना वेगळी. दुसरीसाठी वरची धोक्याची यादी.

*पोट फुगणं आणि वजन.* सुरुवातीच्या आठवड्यांत अंगात पाणी साठून किलो-दीड किलो वाढल्यासारखं वाटतं. थेरपीमुळे चरबी वाढते असं मात्र सिद्ध झालेलं नाही. या वयात स्नायू घटतात आणि पोटावर मेद साठतो, तो औषध न घेणाऱ्यांतही साठतो. मीठ कमी, चालणं जास्त, आणि तीन महिने वाट.

*पुळ्या, तेलकट त्वचा.* नॉरएथिस्टेरॉन किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेलमुळे हे जास्त दिसतं. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन किंवा डायड्रोजेस्टेरॉनवर बदल करता येतो.

*प्रोजेस्टोजेनने बिघडणारा मूड.* इथे थोडं थांबून वाचा, कारण थेरपी सोडण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि ज्यांना पाळीआधी किंवा बाळंतपणानंतर मनाचा फार त्रास झाला होता त्यांना ते जास्त जाणवू शकतं. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात तयार होणारं एक द्रव्य मेंदूला शांत करतं, झोप आणतं. काही बायकांमध्ये त्याच द्रव्याने उलट अस्वस्थता आणि चिडचिड होते. तेव्हा "मन खंबीर करा" हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. डॉक्टरांना विचारण्यासारखे पर्याय असे: प्रोजेस्टोजेनचा प्रकार बदलणं, कॅप्सूल तोंडाऐवजी योनीमार्गे घेणं, ज्याने गुंगी कमी होते, किंवा ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची टी बसवणं. टीमधलं हार्मोन मुख्यतः गर्भाशयातच काम करतं, ती अस्तराचं रक्षण ५ वर्षं करते, गर्भनिरोधकही ठरते आणि अंगावर जास्त जाणंही कमी करते. पेरिमेनोपॉजमध्ये हा पर्याय मला फार उपयोगी वाटतो, तरी त्याबद्दल क्वचितच विचारलं जातं. बसवल्यानंतर पहिले काही महिने अनियमित डाग लागतात, तेवढी मनाची तयारी ठेवा. थोड्या जणींना टीनेही मूडचा त्रास होतो.

प्रोजेस्टोजेनचे दिवस किंवा मिलिग्रॅम स्वतःच्या मनाने कमी करणं हा पर्याय नाही.

टप्पा ७: रक्तस्राव

चक्रीय पद्धतीत प्रोजेस्टोजेनच्या शेवटच्या दिवसांत किंवा ते संपल्यावर काही दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव होतो. तो अपेक्षित आहे, दुष्परिणाम नव्हे. तो न येणंही चालतं, फक्त गर्भधारणेची शक्यता असेल तर चाचणी करा.

बाकी कधीही आलेलं रक्त म्हणजे अवेळी रक्तस्राव. पहिल्या ३ महिन्यांत तो बऱ्याच जणींना होतो. अशा वेळी आधी नोंदवहीत पाहा: प्रोजेस्टोजेनचा डोस चुकला होता? सुरू करायची तारीख पुढेमागे झाली? पॅच निघाला होता? जुलाब-उलट्या झाल्या? दुसरं औषध सुरू झालं? कारण सापडलं तर वापर सुधारा आणि पुढचं चक्र पाहा.

मात्र पुढील परिस्थितीत थांबू नका, वेळ घ्या: रक्तस्राव दर महिन्याला वाढतोय, काही महिने व्यवस्थित गेल्यावर नव्याने अवेळी सुरू झालाय, संबंधानंतर रक्त येतं, वजन खूप जास्त आहे, मधुमेह आहे किंवा घरात गर्भाशयाच्या अथवा आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास आहे, किंवा मधल्या काळात प्रोजेस्टोजेन घेतलंच नव्हतं. शेवटची गोष्ट लपवू नका, तिच्यावर पुढची तपासणी ठरते. डॉक्टर योनीमार्गे सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहतील, गरज वाटल्यास अस्तराचा नमुना घेतील.

इशारा: डाग थांबावेत म्हणून घरात पडलेल्या, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेऊ नका. रक्त थांबेल, पण कारण झाकलं जाईल.

बरेच महिने अंगावर जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा. थकवा, धडधड, केस गळणं हे पुष्कळदा लोह कमी झाल्याचं असतं.

टप्पा ८: डॉक्टरांकडे जाताना

सुरू केल्यावर किंवा बदल केल्यावर साधारण ३ महिन्यांनी तपासणी, पुढे सगळं स्थिरावलं की वर्षातून एकदा. नोंदवही न्या, आणि सुरुवातीलाच एक वाक्य बोला ज्यात औषध, काळ आणि त्रास तिन्ही असतील: "५० मायक्रोग्रॅमचा पॅच चालू आहे, प्रोजेस्टेरॉन २०० मिलिग्रॅम महिन्यातले १२ दिवस, दोन्ही महिन्यांत त्या १२ दिवसांतच चिडचिड ३ गुणांवर गेली, एरवी शून्य." एवढ्यावर डॉक्टरांना नेमका निर्णय घेता येतो.

बदल एका वेळी एकच. इस्ट्रोजेन कमी आणि प्रोजेस्टोजेनचा प्रकारही वेगळा, असं एकाच दिवशी झालं तर गुण कशाने आला हे कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात. बदलाची तारीख नोंदवहीत ठळक लिहा आणि पुन्हा ८ ते १२ आठवडे द्या. इस्ट्रोजेन वाढवलं तर प्रोजेस्टोजेनची मात्रा अजून पुरेशी आहे का, हे त्याच भेटीत विचारा. हा प्रश्न सहज राहून जातो.

शस्त्रक्रिया ठरली, पाय प्लास्टरमध्ये गेला किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहावं लागणार असेल, तर थेरपी चालू असल्याचं तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा, विशेषतः इस्ट्रोजेन तोंडाने घेत असाल तर. स्तनांची आणि गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी ठरलेल्या वेळी चालूच ठेवायची.

टप्पा ९: तरीही थांबवायचं असेल तर

सगळं करूनही औषध नको वाटू शकतं, आणि ते तुम्ही ठरवायचं आहे. धोक्याचं लक्षण असेल तर लगेच थांबवा. एरवी डॉक्टरांशी बोलून डोस पायरीपायरीने उतरवता येतो. अचानक थांबवलं तर पहिल्या काही आठवड्यांत वाफा आणि झोपमोड जास्त जोरात परतू शकतात. लांबच्या काळात दोन्ही रीतींत फरक राहत नाही.

उतरवताना इस्ट्रोजेन आधी कमी करा. जोवर इस्ट्रोजेन चालू आहे तोवर प्रोजेस्टोजेनही ठरलेल्या दिवसांप्रमाणे चालू राहील. शेवटचा डोस घेतल्यावर काही दिवसांत रक्तस्राव होऊ शकतो. तो होऊन गेल्यावरही नोंदवही आणखी दोन महिने ठेवा. थांबवल्यावर कोणता त्रास गेला आणि कोणता तसाच राहिला, ते त्या पानांत दिसेल. जो राहिला तो औषधाचा नव्हता, त्याचं कारण वेगळं शोधायला हवं.